सोनकी: सप्टेंबरमध्ये सह्याद्री पिवळा करणारं हे फूल नेमकं आहे तरी काय?

गणपती गेले की मोबाईलवर एक ठरलेला प्रकार सुरू होतो. कुणीतरी पिवळ्याधमक डोंगराची रील टाकतं, खाली लिहितं 'सोनकीचा बहर'. मग कमेंटमध्ये एक जण म्हणतो, "अहो, ही सोनकी नाही, कॉसमॉस आहे." दुसरा म्हणतो, "काही का असेना, दिसतंय ना छान!"

दिसतं छानच. पण 'काही का असेना' हे मात्र खरं नाही. त्या दोन पिवळ्या फुलांपैकी एक सह्याद्रीचं स्वतःचं आहे, तर दुसरं मेक्सिकोहून आलेलं. एक टिकलं तर डोंगरावरची एक जुनी साखळी टिकते, दुसरं पसरलं तर ती तुटायला लागते. त्यामुळे सोनकी म्हणजे काय, ती कशी ओळखायची, ती कुठे आणि का फुलते, आणि तिची भाजी का करू नये, हे एकदा नीट समजून घेऊया.

सोनकी म्हणजे काय?

सोनकी ही पावसाळ्यात उगवणारी, गुडघ्याच्या आसपास उंची असणारी रानवनस्पती. झुडूप नाही, वेल नाही. एकाच पावसाळ्यात रुजायचं, वाढायचं, फुलायचं आणि बी टाकून संपून जायचं, असं तिचं आयुष्य असतं. पश्चिम घाट हे तिचं मूळ घर. जगाच्या नकाशावर ती जिथे आपोआप उगवते तो पट्टा फार लहान आहे आणि महाराष्ट्रातला सह्याद्री त्याचा मोठा भाग आहे.

वनस्पतिशास्त्रात तिचं नाव सेनेसिओ बॉम्बेएन्सिस. जुन्या पुस्तकांत आणि अनेक फुलांच्या गाईडमध्ये ती 'सेनेसिओ ग्रॅहॅमाय' या नावाने सापडेल. दोन्ही एकच. हे नाव का बदललं, ते पुढे येईलच.

कूळ सूर्यफुलाचं, म्हणजे अ‍ॅस्टरेसी. झेंडू, शेवंती, अ‍ॅस्टर, जर्बेरा ही सगळी याच घरातली मंडळी. फुलझाडांच्या जगातल्या सर्वांत मोठ्या कुळांपैकी हे एक. यात ३० हजारांहून जास्त जाती आहेत.

हे एक फूल नाहीच!

सोनकीचं एक 'फूल' तोडून जवळून पाहिलं तर लक्षात येतं की तो शेकडो लोकांच्या गावासारखा प्रकार आहे. मधल्या पिवळ्या चकतीत दाटीवाटीने उभी असलेली छोटी नळीसारखी फुलं असतात, त्यांना बिंबपुष्पकं म्हणतात. कडेने ज्या 'पाकळ्या' दिसतात, त्यातली प्रत्येक पाकळी हेही एक स्वतंत्र फूल असतं, त्याला किरणपुष्पक म्हणतात. या सगळ्या गुच्छाला मराठीत स्तबक असा शब्द आहे.

कडेची फुलं मादी असतात, तर मधल्या नळ्यांमध्ये नर आणि मादी दोन्ही भाग असतात. मधली फुलं एकदम उमलत नाहीत. बाहेरच्या वर्तुळापासून आत, अशी ओळीने उमलत जातात. त्यामुळे एकच स्तबक कितीतरी दिवस कीटकांसाठी 'उघडं' राहतं. पुंकेसर एकमेकांना चिकटून त्यांची बारीक नळी झालेली असते. तिच्या आतून स्त्रीकेसर वर सरकतो आणि पिचकारीच्या दट्ट्यासारखा परागकण बाहेर ढकलतो. वर बसलेल्या मधमाशीच्या पोटाला ते लागतात आणि पुढच्या फुलावर पोचतात.

कडेच्या 'पाकळ्या' ही मुख्यतः पाटी असते, लांबून दिसावी म्हणून लावलेली. खरं दुकान मधल्या चकतीत चालतं.

नावात म्हातारी कुठून आली?

'सोनकी' हे मराठी नाव सरळ सोन्यावरून आलं, हे सांगायला नकोच. गंमत आहे ती लॅटिन नावात. 'सेनेसिओ' हा शब्द ज्या 'सेनेक्स' या शब्दावरून आला, त्याचा अर्थ म्हातारा माणूस. कारण काय, तर फुलं सुकल्यावर या झाडांच्या बियांवर पांढऱ्या मऊ केसांचा झुबका येतो.

लहानपणी हवेत तरंगणारं पांढरं केसाळ बी पकडून आपण काय म्हणायचो? म्हातारी! युरोपातल्या लोकांना त्या पांढऱ्या केसांत म्हातारा दिसला, आपल्याला म्हातारी दिसली. एकमेकांना न विचारता दोघांनी एकच नाव ठेवलं.

हे केस शोभेसाठी नसतात. बारक्या बीला ते पॅराशूटचं काम करतात. पाऊस सरला, हवा कोरडी झाली आणि वारा सुटला की म्हाताऱ्या उडतात आणि पुढच्या वर्षीची सोनकी एखाद्या कातळाच्या फटीत जाऊन पडते.

बॉम्बे, ग्रॅहॅम आणि एक टपाल अधिकारी

आता नाव बदलण्याची गोष्ट. जॉन ग्रॅहॅम हा मुंबई इलाख्याच्या टपाल खात्यातला मोठा अधिकारी होता. नोकरी टपालाची, पण नाद झाडांचा. मुंबई आणि परिसरातल्या वनस्पतींची त्याने तयार केलेली यादी १८३९ मध्ये पुस्तकरूपाने आली. पण ते पूर्ण झालेलं त्याला पाहता आलं नाही. त्याच वर्षी खंडाळ्यात त्याचा मृत्यू झाला आणि उरलेलं काम जोसेफ निम्मो याने पुरं केलं.

पुढे ब्रिटिश भारतातल्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ लिहिताना जोसेफ डाल्टन हूकर याने सोनकीला ग्रॅहॅमचं नाव दिलं. पण त्या नावाचा एक सेनेसिओ आधीच नोंदलेला होता. वनस्पतिशास्त्रात एक नाव दोन झाडांना चालत नाही, जुन्याचा हक्क पहिला. म्हणून एन. पी. बालकृष्णन या भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला नवं नाव दिलं, बॉम्बेएन्सिस. म्हणजे 'मुंबईची'. इथे मुंबई म्हणजे शहर नव्हे, जुना मुंबई इलाखा.

सोनकीच्या घाटावरच्या भावंडांच्या नावांतही हाच इतिहास आहे. सेनेसिओ गिब्सोनाय हे नाव मुंबई इलाख्याच्या वनखात्याचा पहिला प्रमुख अलेक्झांडर गिब्सन याच्यावरून, तर सेनेसिओ डॅल्झेलाय हे निकोल डॅल्झेलवरून पडलं. या दोघांनी मिळून १८६१ मध्ये 'द बॉम्बे फ्लोरा' हे पुस्तक काढलं होतं. घाटात फिरताना पायाखाली येणाऱ्या पिवळ्या फुलांमध्ये असा अख्खा दस्तऐवज आहे.

ती कुठे आणि कधी दिसते?

साधारण ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत. भर सप्टेंबरमध्ये सगळ्यात जास्त. साताऱ्याजवळचं कास पठार, महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर, पुण्याकडचे सिंहगड, राजगड, तोरणा, पुरंदर, नगर-नाशिककडचे हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई, शिवाय माळशेज आणि भंडारदरा परिसर. ट्रेकर मंडळींना ही यादी तोंडपाठ असते.

पण सप्टेंबरच का? जूनमध्ये पाऊस येतो तेव्हा का नाही?

यामागे साधा हिशेब आहे. जून-जुलैत घाटावर कोसळणाऱ्या पावसात फूल उमललं तर परागकण वाहून जातात आणि मधमाश्या बाहेरच पडत नाहीत. म्हणून पहिले दोन महिने सोनकी फक्त पानं आणि खोड वाढवते. पाऊस ओसरला, मधूनमधून ऊन पडू लागलं, जमिनीत अजून ओल आहे, अशी एक छोटी खिडकी मिळते. त्यात फुलायचं, बी धरायचं आणि कोरडा वारा सुटला की बी उडवायचं. उशीर केला तर कातळ तापतो आणि पाणी संपतं.

आपल्याकडे 'तेरड्याचा रंग तीन दिवस' म्हणतात. तो गुलाबी तेरडा याच काळात सोनकीच्या शेजारी फुलतो. सोनकीचा रंग तीन दिवसांपेक्षा जास्त टिकतो, पण फार जास्त नाही. एकाच उतारावर चार-सहा आठवड्यांचा खेळ.

उलट उदाहरण कारवीचं. कारवी सात-आठ वर्षं थांबते आणि एकदाच फुलते. सोनकी दरवर्षी फुलते. पण याचा अर्थ असाही होतो की तिला दरवर्षी नव्याने उगवावं लागतं. जुनं झाड जमिनीत टिकून राहत नाही. यावर्षी बी पडलं नाही तर पुढच्या वर्षी त्या जागी सोनकी कमी. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ओळखायची कशी?

पिवळं दिसलं की सोनकी, ही सगळ्यात मोठी गफलत. घाटात पावसाळ्यानंतर पिवळी फुलं बरीच असतात. नेहमी गोंधळ होतो तो यांच्यात:

सोनकी: फूल साधारण रुपयाच्या नाण्याएवढं किंवा थोडं लहान. पाकळ्या आणि मधली चकती दोन्ही पिवळे. एका झाडावर फांद्यांच्या टोकांना अनेक फुलं. पानं एकाआड एक, कडा दातेरी, हाताला खरखरीत.

कॉसमॉस: फूल बरंच मोठं, रंग गडद पिवळा ते नारिंगी. पाकळ्या रुंद, टोकाला स्पष्ट दात. पान खूप कातरलेलं, झेंडूच्या पानाची आठवण व्हावी असं, आणि पानं समोरासमोर. झाड अनेकदा कमरेच्या वर. पान पाहिलंत तर पुन्हा चूक होणार नाही.

कारळा किंवा खुरासणी: अकोले, नाशिक, पालघरच्या डोंगरी शेतांत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पिवळी शेतं दिसतात ती बहुतेकदा याची. हेही सूर्यफुलाच्याच कुळातलं, पण हे पीक आहे. याचं बी काळं असतं आणि त्याचीच कारळ्याची चटणी आपण खातो. मूळ इथिओपियाचं, पण भारतात फार जुनं. रील काढायला शेतात शिरण्याआधी ते कुणाचं तरी पीक आहे, एवढं लक्षात असू द्या.

कवला: कासचं 'मिकी माऊस' फूल. पिवळं आहे, पण कूळ वेगळं, वाटाण्याचं. पाकळीवर दोन लाल ठिपके असतात. पानं लाजाळूसारखी बारीक.

पाथरी: पिवळं फूल, पण पान तोडलं की पांढरा चीक येतो. ही भाजी म्हणून खातात. सोनकीला असा चीक नसतो.

एकदांडी किंवा दगडी पाला: फूल लांब दांड्यावर एकटं, मध्ये पिवळं आणि कडेला फिकट पांढरट पाकळ्या. शहरात पदपथाच्या फटीतही उगवतं. मूळ अमेरिका खंडातलं.

सोनकीच्या सख्ख्या भावंडांपैकी सेनेसिओ एजवर्थी हीदेखील घाटात दिसते. तिच्या पानांवर कोळिष्टकासारखी पांढरी लव असते.

सोनकीची भाजी करतात का?

नाही, आणि करू नका. पावसाळ्यात रानभाज्यांचे व्हिडिओ चालतात, त्यात 'डोंगरावरचं सगळं औषधी' असा सूर असतो. तो धोकादायक आहे.

सेनेसिओ हा वंश जगभर ज्या रसायनांसाठी ओळखला जातो, त्यांना पायरोलिझिडिन अल्कलॉइड म्हणतात. झाड ती स्वतःच्या बचावासाठी बनवतं. माणसाच्या किंवा जनावराच्या पोटात गेल्यावर यकृतात त्यांचं रूपांतर विषारी पदार्थात होतं आणि यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होऊ लागतात. त्रास लगेच दिसत नाही, म्हणून कारण लक्षात यायला उशीर होतो.

दक्षिण आफ्रिकेत गव्हात सेनेसिओची झाडं मिसळून दळली गेली आणि त्या पिठाच्या पावाने लोकांची यकृतं निकामी झाली. याबद्दलचा वैद्यकीय अहवाल १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटनमध्ये सोनकीचंच एक नातलग 'रॅगवर्ट' घोड्यांसाठी इतकं घातक मानलं जातं की १९५९ च्या तणविषयक कायद्यात त्याचं नाव आहे. ताजं झाड कडू असतं म्हणून जनावरं टाळतात, पण वाळलेल्या चाऱ्यात कडूपणा कमी होतो आणि विष राहतं.

भारताचंही उदाहरण आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यावर तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या, आताच्या छत्तीसगडमधल्या सरगुजा भागात लोकांची पोटं फुगू लागली, यकृतं बिघडली, मृत्यू झाले. गोंदली या बारीक धान्यात एका रानटी झाडाचं बी मिसळलं गेलं होतं. ते झाड सेनेसिओ नव्हतं, आपल्या खुळखुळ्याच्या वंशातलं होतं. पण विषाचा गट हाच.

सोनकीला हात लावल्याने काही होत नाही, घाबरायचं कारण नाही. फक्त तिचा काढा, चहा, भाजी असलं काही करू नका. लोकांना सुचवूही नका.

मग तिचा उपयोग काय?

हा प्रश्न हमखास येतो. माणसाला खायला उपयोग नाही म्हणजे उपयोगच नाही, असं नसतं.

पाऊस ओसरल्यावर घाटमाथ्यावर मधमाश्या, फुलपाखरं, फुलमाश्या, भुंगेरे यांची संख्या वाढलेली असते. त्यांना मध आणि पराग एकाच वेळी, मोठ्या प्रमाणावर आणि सहज पोचेल असा हवा असतो. सोनकीची चकती उथळ असते, तिथे लांब सोंडेचं फुलपाखरू बसतं तसाच आखूड तोंडाचा कीटकही बसतो.

जे रसायन आपल्याला विष, तेच काही फुलपाखरांना हवं असतं. टायगर आणि क्रो गटातल्या फुलपाखरांचे नर अशा झाडांमधून हे अल्कलॉइड गोळा करतात. त्यातून ते मादीला आकर्षित करणारा गंध तयार करतात आणि त्यामुळेच त्यांना पक्षी खायला बघत नाहीत.

शिवाय जागा पाहा. कास, पाचगणी यांसारख्या पठारांवर बेसाल्टच्या वर जांभ्याचं कवच आहे. आपण त्याला सडा म्हणतो. तिथे माती काही ठिकाणी बोटभरसुद्धा नसते. पावसात तळी साचतात, उन्हाळ्यात दगड भाजतो. मोठं झाड तिथे उभं राहत नाही. अशा ठिकाणी दरवर्षी उगवून, फुलून, पुन्हा मातीत जाणाऱ्या सोनकी, तेरडा, कवला यांसारख्या वनस्पतींवरच सगळा डोलारा उभा असतो. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या इतर स्थळांसोबत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, ते या छोट्या झाडांच्या जोरावर.

धोका कशाचा आहे?

सोनकी दुर्मीळ नाही, आजही डोंगर भरून दिसते. म्हणूनच तिच्याकडे लक्ष जात नाही. पण तीन गोष्टी तिच्या वाटेत आहेत.

पहिली, पाय. फोटोसाठी फुलांच्या मधोमध बसायचं, लोळायचं, उडी मारायची. एक जण बसला तर पन्नास झाडं आडवी होतात. आडव्या झालेल्या झाडाचं बी पिकत नाही. आणि आधी पाहिलं तसं, बी नाही तर पुढच्या वर्षी सोनकी नाही. कासला प्रवेशशुल्क आणि पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा आली ती गर्दीमुळेच. पण बाकीच्या गडांवर आणि पठारांवर मोजायला कुणी नाही.

दुसरी, कॉसमॉस. बागेसाठी आणि रस्त्याकडेच्या सुशोभीकरणासाठी आलेलं हे फूल आता पुणे-साताऱ्याकडच्या रस्त्यांच्या कडेला आणि टेकड्यांवर मोकाट पसरतंय. त्याच्या बीला टोकाशी बारीक काटे असतात, ते कपड्यांना आणि जनावरांच्या अंगाला चिकटून प्रवास करतं. झाड उंच वाढतं आणि खालच्या बुटक्या वनस्पतींचं ऊन अडवतं. सोनकी गुडघ्याएवढी, कॉसमॉस कमरेएवढा. ही लढत बरोबरीची नाही. 'डोंगर सुंदर करू' म्हणून ट्रेकला जाताना फुलांच्या बिया फेकणारे लोक चांगल्या हेतूने हेच वाढवतात.

तिसरी, जमिनीचा बदललेला वापर. रस्ते, रिसॉर्ट, पार्किंग, खाणी, आणि 'ओसाड माळ' समजून पठारांवर केलेली वृक्षलागवड. उघडं पठार हे नापीक रान नसतं, त्याची ती नैसर्गिक अवस्था असते. तिथे झाडं लावली की सावली येते आणि सोनकी जाते.

चराईचा प्रश्न मात्र गुंतागुंतीचा आहे. अति चराईने फुलं जातात हे खरं. पण कासला जाळ्या लावून गुरं थांबवल्यावर गवत माजतं आणि छोटी फुलं दबतात, असं स्थानिकांचं आणि काही अभ्यासकांचं म्हणणं होतं. पुढे तिथल्या जाळ्या काढल्या गेल्या. गुरं, गवत आणि फुलं यांचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या एकत्रच चालत आला आहे, तो एका कुंपणाने सुटत नाही.

तुम्ही काय करू शकता?

पायवाट सोडू नका. फोटो वाटेवरून काढा, बसून काढला की फुलं तशीही जास्त दाट दिसतात. तोडू नका, सुकायला लागलेली तर अजिबात नाही, त्यातच पुढच्या वर्षीचं बी असतं. रानात बाहेरच्या बिया टाकू नका. ट्रेकहून परतताना कपडे आणि बूट झटका, चिकटलेल्या बिया दुसऱ्या गडावर नेऊ नका. कॉसमॉस दिसला तर स्वतः उपटण्याआधी वनविभागाला किंवा परिसरातल्या निसर्गप्रेमी गटाला कळवा, कारण घाईत शेजारची सोनकीही उपटली जाते.

आणि पुढच्या वेळी पिवळ्या डोंगराची रील टाकण्याआधी एकदा वाकून पान बघा. कातरलेलं पान असेल तर तो कॉसमॉस. दातेरी, खरखरीत पान असेल तर ती सोनकी. मग कॅप्शन बिनधास्त लिहा.